संगणक-सुरक्षेचा हुन्नर पदवीविना कसा शिकावा?

आपल्या बाजारातील व्यवहार आता वहीवर राहिलेला नाही. सुताचा भाव मोबाईलवर येतो, ग्रे कापडाचे बिल संगणकावर निघते, जी.एस.टी.चे विवरण इंटरनेटवरून भरले जाते आणि रक्कम बँकेच्या खिडकीवर न जाता या खात्यातून त्या खात्यात जाते. पूर्वी वही चोरायची तर चोराला पेढीत शिरावे लागे. संगणकातील वही चोरणारा हजारो मैलांवर बसलेला असू शकतो. पेढीच्या दाराला आपण मजबूत कुलूप लावतो, रात्री पहारेकरी ठेवतो. पण हिशेबाच्या संगणकाची राखण कोण करतो, असे विचारले तर बहुतेक व्यापारी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

दुसऱ्या बाजूला आपल्याच मोहल्ल्यांत बारावी होऊन किंवा आय.टी.आय. करून थांबलेली कितीतरी मुले-मुली आहेत. कोणाच्या घरी कमावणारा एकच हात, कोणाला इंजिनिअरिंगची फी झेपत नाही, कोणी उर्दू किंवा मराठी माध्यमातून आल्यामुळे इंग्रजीला बिचकतो. राखणदाराची गरज आहे आणि राखणदार होऊ शकणारी मुलेही आहेत. दोहोंच्या मध्ये फक्त तालमीचे अंतर आहे. ही तालीम कॉलेजच्या पदवीशिवाय घेता येते काय, येत असेल तर कोणत्या क्रमाने, किती दिवसांत आणि कोणत्या खबरदारीने, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो. होय, घेता येते. मात्र ती मागावरच्या कामासारखी शिकावी लागते. मागावर बसणारा नवा मुलगा पहिल्या दिवशी डिझाईन काढीत नाही. तो आधी कांड्या भरतो, मग तुटलेली तार जोडायला शिकतो, मग एक माग सांभाळतो. या क्रमातील पायरी जो गाळतो, त्याच्या कापडात दोष राहतो आणि तो दोष फोल्डिंगच्या टेबलावर दिसतोच.

हे काम म्हणजे नेमके काय?

संगणक-सुरक्षेचे म्हणजेच सायबर सिक्युरिटीचे सारे शास्त्र तीन गोष्टींभोवती फिरते. पहिली गुप्तता: आपला खरेदीचा भाव आणि गिऱ्हाइकांची यादी परक्याला दिसू नये. दुसरी अचूकपणा: बिलातील आकडा किंवा खाते क्रमांक कोणी बदलू नये. तिसरी उपलब्धता: ज्या दिवशी विवरण भरावयाचे त्या दिवशी हिशेब उघडला पाहिजे. ज्याला या तीन गोष्टी आपल्या पेढीच्या भाषेत समजल्या, त्याला या शास्त्राचा पाया समजला.

कामाचे प्रकारही वेगवेगळे आहेत. निगराणी करणारे पाळीपाळीने पडद्यासमोर बसून संशयास्पद हालचाल टिपतात. तपासनीस मालकाच्या परवानगीने त्याच्याच यंत्रणेत शिरण्याचा प्रयत्न करून कच्चे दुवे दाखवितात. काही जण नियम, कागदपत्रे आणि ऑडिट सांभाळतात. काही जण घात झाल्यानंतर नुकसान आवरून यंत्रणा पुन्हा उभी करतात. 'हॅकिंग' या शब्दाने भुललेल्या मुलांना फक्त दुसरा प्रकार ठाऊक असतो. प्रत्यक्षात नवख्याला पहिली संधी बहुधा निगराणीत किंवा साध्या संगणक-दुरुस्तीच्या कामात मिळते.

हे सारे मोठ्या शहरातील गोऱ्या कंपन्यांचे प्रश्न आहेत, असे कोणी समजू नये. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून चोरांनी दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये काढले. बनावट कार्डांच्या साह्याने २८ देशांतील ए.टी.एम.मधून पैसे उचलले गेले आणि काही रक्कम हाँगकाँगच्या खात्यात वळविली गेली. त्याआधी २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. त्याचा शिरकाव झाला युक्रेनमधील व्यापारी कर भरण्यासाठी वापरीत असलेल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. परदेशातील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघालेले संकट आपल्या कंटेनरपर्यंत पोहोचले, हे कापडाच्या निर्यातदाराने ध्यानात ठेवावे.

पदवी कोठे लागते, कोठे लागत नाही

येथे खोटी आशा दाखविणे बरोबर नाही. सरकारी नोकरीत, अनेक मोठ्या कंपन्यांच्या भरतीत आणि परदेशी व्हिसाच्या कामात पदवी मागितली जाते. म्हणून ज्याला कॉलेज शक्य आहे त्याने ते सोडू नये. ज्याला शक्य नाही त्याने काम करता करता मुक्त विद्यापीठातून पदवी पुरी करावी. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ त्यासाठीच आहे. पदवीविना शिकणे म्हणजे पदवीचा तिटकारा करणे नव्हे.

पण या धंद्यात अनुभवाचे वजन किती आहे, हे एका उदाहरणावरून दिसेल. सी.आय.एस.एस.पी. ही या क्षेत्रातील ज्येष्ठ समजली जाणारी सनद आहे. तिच्यासाठी ठरलेल्या आठ विषयांपैकी किमान दोन विषयांत एकूण पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. चार वर्षांची पदवी असेल तर त्यातून सूट मिळते ती फक्त एका वर्षाची. उरलेली चार वर्षे पदवीधरालाही काम करूनच भरून काढावी लागतात. म्हणजे शागीर्दीला येथे पर्याय नाही.

स्वतःच्या मेहनतीने शिकलेल्यांची उदाहरणेही आहेत. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा प्रोग्रॅम दीडशेवर देशांत पसरला. तो संगणकातील फायली कुलूपबंद करून खंडणी मागत असे. इंग्लंडमधील इस्पितळांची कामे त्यामुळे अडली. त्याचा फैलाव रोखला तो मार्कस हचिन्स या बावीस वर्षांच्या इंग्रज तरुणाने. हा प्रोग्रॅम पसरण्यापूर्वी इंटरनेटवरील एक विचित्र नाव शोधतो आणि ते नाव कोणाच्याच मालकीचे नाही, हे त्याने पाहिले. सुमारे दहा डॉलर भरून त्याने ते नाव स्वतःकडे नोंदविले आणि प्रोग्रॅमचा फैलाव थांबला. त्याच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. दुसरे उदाहरण अर्जेंटिनाच्या सांतियागो लोपेझचे. कंपन्यांच्या यंत्रणेतील दोष रीतसर कळवून बक्षीस मिळविण्याची एक पद्धत आहे. तिच्यात हॅकरवन या संस्थेमार्फत दहा लाख डॉलरचा टप्पा गाठणारा तो पहिला ठरला. हे जाहीर झाले २०१९ मध्ये, त्याच्या वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. तोही इंटरनेटवरून स्वतःच शिकलेला.

ही माणसे अपवाद आहेत. त्यांच्याकडे पाहून उमेद घ्यावी, हिशेब मात्र सामान्य मुलाच्या कमाईचा करावा. हचिन्सच्या कहाणीचा दुसरा भाग आम्ही पुढे सांगणार आहोत, तो पहिल्याहून अधिक महत्त्वाचा आहे.

अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम

रोज दोन तास, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर अठरा महिन्यांत नऊशे तास होतात. एवढ्या वेळात सामान्य बुद्धीचा, पण चिकाटीचा मुलगा पहिल्या नोकरीच्या दारापर्यंत पोहोचू शकतो, असा आमचा अंदाज आहे. क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

पहिले तीन महिने: यंत्राची ओळख. संगणक उघडून त्यातील भाग ओळखणे, विंडोज नव्याने बसविणे, वापरणाऱ्यांची वेगवेगळी खाती तयार करणे, बॅकअप घेणे आणि तो परत चढविणे. ज्याने एम.एस.-सी.आय.टी. केले आहे त्याचा थोडा वेळ वाचेल. आय.टी.आय.मधील कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट हा एक वर्षाचा ट्रेड दहावीनंतर करता येतो; तो या पायरीसाठी उत्तम. उर्दू माध्यमाच्या मुलांनी राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेच्या केंद्रांचीही चौकशी करावी. ही परिषद संगणक, हिशेब आणि बहुभाषिक डी.टी.पी. यांचा एक वर्षाचा डिप्लोमा अनेक वर्षांपासून चालवीत आली आहे. पायरी पुरी झाल्याची कसोटी अशी: बंद पडलेला संगणक कोणाच्या मदतीशिवाय चालू करता आला पाहिजे.

पुढचे चार महिने: नेटवर्क. एक संगणक दुसऱ्याशी कसा बोलतो, हे समजल्याशिवाय त्यांच्यामध्ये कोण कान लावून बसला आहे हे कळणार नाही. आय.पी. पत्ता, राऊटर, डी.एन.एस. आणि पोर्ट हे चार शब्द पक्के करावेत. पोर्ट म्हणजे इमारतीतील क्रमांक दिलेले गाळे समजावेत. सुरक्षित संकेतस्थळाचा गाळा ४४३ क्रमांकाचा आणि दुरून संगणक चालविण्याच्या विंडोजच्या सोयीचा ३३८९ क्रमांकाचा. कित्येक पेढ्यांवर मालकाला घरून हिशेब पाहता यावा म्हणून हा ३३८९ चा गाळा सताड उघडा ठेवलेला असतो. खंडणीखोरांना आत येण्याच्या ज्या वाटा आवडतात, त्यांत ही एक आहे. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचे प्राथमिक पाठ आणि 'पॅकेट ट्रेसर' हे सरावाचे साधन फुकट मिळते. 'वायरशार्क' या फुकट साधनाने तारेतून जाणारी प्रत्येक चिठ्ठी पाहता येते. कसोटी: आपण एखादे संकेतस्थळ उघडले की पहिल्या क्षणापासून काय काय घडते, ते कागदावर क्रमाने लिहिता आले पाहिजे.

पुढचे तीन महिने: लिनक्स आणि थोडी प्रोग्रॅमिंग. लिनक्स ही फुकट मिळणारी यंत्रप्रणाली आहे आणि इंटरनेटवरील बहुसंख्य सर्व्हर तिच्यावर चालतात. माऊस बाजूला ठेवून आज्ञा टाईप करण्याची सवय लावावी. 'ओव्हर द वायर' या संकेतस्थळावर 'बँडिट' नावाचा खेळ आहे. त्यात एका पायरीचा पासवर्ड शोधला की पुढची पायरी उघडते आणि खेळता खेळता लिनक्स हातात बसते. जोडीला पायथन ही भाषा शिकावी. कसोटी: शंभर ओळींच्या नोंदवहीतून चुकीचा पासवर्ड वारंवार टाकणारा पत्ता शोधून देणारा छोटा प्रोग्रॅम स्वतः लिहिता आला पाहिजे.

पुढचे सहा महिने: प्रत्यक्ष सुरक्षा. एवढी तयारी झाल्यावरच या दालनात शिरावे. ओवॅस्प ही संस्था संकेतस्थळांमधील दहा मोठ्या दोषांची यादी २००३ पासून काढीत आली आहे. २०२१ च्या यादीत पहिल्या क्रमांकावर जो दोष होता तो समजण्यास सोपा आहे. समजा, आपल्या बिलाच्या पत्त्याच्या शेवटी ५०१ हा आकडा आहे. तो बदलून ५०२ केल्यावर दुसऱ्या व्यापाऱ्याचे बिल दिसले, तर 'हा कागद पाहण्याचा हक्क या माणसाला आहे काय' हे संकेतस्थळ तपासत नाही, असा अर्थ होतो. अशा दोषांचा अभ्यास पोर्टस्विगर कंपनीच्या वेब सिक्युरिटी अकॅडमीत फुकट करता येतो. आय.आय.टी. खरगपूरच्या प्राध्यापकांची एथिकल हॅकिंगवरील व्याख्याने एन.पी.टी.ई.एल.वर आहेत, ती ऐकण्यास फी नाही.

शेवटचे दोन महिने: उजळणी आणि एक परीक्षा. तिच्याविषयी पुढे लिहितो.

भाषेचा प्रश्न

आम्ही स्वतः उर्दू माध्यमातून शिकलो आणि पुढे आयुष्यभर व्यापार मराठी, हिंदी व गुजरातीतून केला. म्हणून मुलांची अडचण आम्हांस ठाऊक आहे. साहित्यातील इंग्रजी आणि धंद्यातील इंग्रजी यांत मोठे अंतर असते. कापडाच्या व्यापाऱ्याला काउंट, रीड, पिक, विड्थ, शिपमेंट हे शब्द आले की परदेशी पत्र वाचता येते. या विद्येतही तीन-चारशे शब्दांवर बरेचसे काम चालते. एक जाड वही करावी. डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे आपल्या भाषेत, आपल्या शब्दांत त्याचा अर्थ लिहावा. पुस्तकातून उतरविलेला अर्थ चालणार नाही. रोज पाच शब्द याप्रमाणे तीन महिन्यांत वही भरते. हिंदी आणि उर्दूतून शिकविणाऱ्या चित्रफितीही पुष्कळ आहेत. त्या ऐकाव्यात, पण लिहिण्याचा सराव इंग्रजीतच करावा, कारण अहवाल इंग्रजीत द्यावा लागतो.

घरचा माग आणि कायद्याची रेघ

हा हुन्नर वाचून येत नाही, हात चालवावा लागतो. त्यासाठी आठ जी.बी. मेमरीचा जुना संगणक पुरतो. त्यात 'व्हर्च्युअल बॉक्स' हे फुकट सॉफ्टवेअर बसविले की एका संगणकाच्या पोटात दोन-तीन संगणक चालविता येतात. एकावर तपासाची साधने असलेली 'काली लिनक्स' बसवावी. दुसऱ्यावर मुद्दाम दोष ठेवून बनविलेले सरावाचे संकेतस्थळ बसवावे, उदाहरणार्थ ओवॅस्पचे 'ज्यूस शॉप'. मग एकाने दुसऱ्याची परीक्षा घ्यावी. हा आपला घरचा माग. येथे कितीही तारा तुटल्या तरी कोणाचे नुकसान नाही.

या घराबाहेर मात्र एक पाऊलही विनापरवाना टाकू नये. शेजाऱ्याचे वाय-फाय, शाळेचे संकेतस्थळ, मित्राचा ई-मेल यांपैकी कशालाही हात लावू नये. 'फक्त पाहत होतो' ही सबब कायद्यापुढे टिकत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणे हा दोष सांगितला आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परवानगी तोंडी नको, लेखी हवी. कोणता संगणक, कोणती तारीख, काय तपासणार आणि काय तपासणार नाही, हे तिच्यात स्पष्ट लिहिलेले असावे.

आता हचिन्सची उरलेली गोष्ट. वॉनाक्राय थांबविल्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑगस्ट २०१७ मध्ये, अमेरिकेत लास व्हेगास येथे त्याला अटक झाली. काही वर्षांपूर्वी, पोरवयात, त्याने बँक खात्यांची माहिती चोरणारा 'क्रोनोस' नावाचा प्रोग्रॅम बनविण्यात भाग घेतला होता. २०१९ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. पुढे त्याने केलेले चांगले काम पाहून न्यायाधीशांनी आणखी तुरुंगवास दिला नाही, एक वर्षाच्या देखरेखीवर सोडले. पण दोन वर्षे परदेशात कोर्टाच्या दाराशी गेली. आपल्या मोहल्ल्यातील मुलाला अशा वेळी तसा वकील आणि तशी सहानुभूती मिळेलच, असे कोणी समजू नये. या धंद्यात भरवसा हेच भांडवल आहे. पोलिसात एकदा नाव नोंदले गेले की कोणतीही बँक त्याच्या हाती किल्ली देणार नाही.

परीक्षा, सनदा आणि क्लासवाले

पहिली परीक्षा म्हणून कॉम्पटियाची 'सिक्युरिटी प्लस' अनेक ठिकाणी ओळखली जाते. तिला बसण्यासाठी पदवीची अट नाही. जास्तीत जास्त नव्वद प्रश्न आणि नव्वद मिनिटे असे तिचे स्वरूप आहे. ती सनद तीन वर्षे चालते, मग नूतनीकरण करावे लागते. तपासनीस होऊ इच्छिणाऱ्यांसाठी पुढे 'ओ.एस.सी.पी.' आहे. तिच्यात २३ तास ४५ मिनिटे सलग प्रत्यक्ष यंत्रणांवर काम करावे लागते आणि त्यानंतरच्या २४ तासांत लेखी अहवाल द्यावा लागतो. घोकंपट्टीला तेथे वाव नाही. या परीक्षांच्या फिया डॉलरमध्ये असतात. सुताचा भाव जसा सौद्याच्या दिवशी पाहतो, तशी फी भरण्याच्या दिवशीच पाहावी. पहिल्या अठरा महिन्यांत एकच परीक्षा द्यावी. भिंतीवर सहा सनदा आणि हातात काम शून्य, अशी दशा करून घेऊ नये.

पालकांना आमची खास विनंती आहे. 'तीन महिन्यांत हॅकर बना, नोकरीची शंभर टक्के हमी' अशा पाट्या पाहून कर्ज काढू नये, दागिने गहाण टाकू नयेत. क्लासला पैसे देण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. १) अभ्यासक्रम नेटवर्कपासून सुरू होतो की थेट हॅकिंगच्या साधनांपासून? २) प्रत्यक्ष सरावासाठी किती तास आणि किती यंत्रे आहेत? ३) सनद क्लास स्वतः देतो की बाहेरची मान्यवर संस्था परीक्षा घेऊन देते? ४) मागच्या वर्षीचे दोन विद्यार्थी आज कोठे काम करतात, त्यांच्याशी बोलता येईल काय? ५) फी हप्त्याने घेता काय, आणि एक आठवडा बसून पाहता येईल काय? या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत तर उठून यावे. आपण थान उलगडून पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही, मग मुलाच्या दोन वर्षांचा सौदा न पाहता का करावा?

पहिले काम आपल्याच बाजारात

अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही, अशी तक्रार मुले करतात. तिचे उत्तर बाजारातच आहे. ओळखीच्या एखाद्या पेढीच्या मालकाकडून लेखी परवानगी घ्यावी, मेहताजींना सोबत बसवावे आणि पुढील गोष्टी तपासाव्यात. विंडोज आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर अद्ययावत आहे काय? वॉनाक्रायने ज्या भोकातून प्रवेश केला, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्च २०१७ मध्ये, दिली होती. ज्यांनी ती बसविली नाही ते अडकले. बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यांपैकी एक पेढीबाहेर आहे काय? सर्वांचा मिळून एकच पासवर्ड तर नाही? ई-मेल आणि बँकेला दुहेरी पडताळणी लावली आहे काय? नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते बंद केले आहे काय? ३३८९ चा गाळा बाहेरून उघडा तर नाही?

सर्वांत महत्त्वाची तपासणी बिलाच्या पैशाची. फसवणूक अशी होते. चोर व्यापाऱ्याच्या किंवा गिऱ्हाइकाच्या ई-मेलचा पासवर्ड मिळवितो आणि पंधरा दिवस नुसता वाचत बसतो. रक्कम यायच्या सुमारास तो व्यापाऱ्याच्या नावाने पत्र पाठवितो: आमचे बँक खाते बदलले आहे, या नव्या खात्यात पैसे भरावेत. पत्ता हुबेहूब वाटतो. पण इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरे जवळजवळ बसविलेली असतात. गिऱ्हाईक पैसे भरतो, माल त्याच्याकडे पोहोचलेला असतो आणि व्यापाऱ्याच्या हाती काहीच येत नाही. उपाय फुकट आहे. खाते बदलल्याचे पत्र आले की जुन्या, माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. पत्रात दिलेल्या क्रमांकावर करू नये. तरीही घात झालाच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी ती अडविता येण्याची शक्यता जितका वेळ जाईल तितकी कमी होते.

तपासणीनंतर दोन पानांचा अहवाल लिहावा: काय पाहिले, काय आढळले, धोका किती, दुरुस्ती काय, खर्च किती. नाव-गाव वगळून आणि मालकाच्या संमतीने असे पाच-सहा अहवाल जवळ असले की मुलाखतीत बोलायला काही राहते. आमच्या पेढीवर बिले करणारा तरुण आय.टी.आय.मधून आला होता. दुकान वाढविल्यावर रोज दोन तास बसून त्याने याच क्रमाने अभ्यास केला आणि शेजारच्या पेढ्यांच्या तपासण्या केल्या. आज तो सहकारी बँकांना सेवा देणाऱ्या एका कंपनीत निगराणीच्या रात्रपाळीवर आहे. पगार फार मोठा नाही, पण शिकण्याचे दार उघडले आहे.

अशा कामाची मागणी कायद्यानेही वाढविली आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांना सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली आणि डिसेंबर २०१९ मध्ये चार पातळ्यांच्या अटी सांगितल्या. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावयाच्या आहेत आणि नोंदी १८० दिवस जपावयाच्या आहेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतील कुचराईसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. महाराष्ट्रात नागरी सहकारी बँका, पतसंस्था, इस्पितळे आणि कारखाने गावोगावी आहेत. नोंदी वाचणारा, सूचना लिहिणारा, रात्री जागणारा माणूस त्यांना लागणार आहे.

तेव्हा व्यापारी बंधूंना आमचे सांगणे एवढेच की, अशा होतकरू मुलाला किंवा मुलीला आपला एक संगणक तपासायला द्या, लेखी परवानगी द्या आणि कामाचा मोबदलाही द्या. फुकट काम करून घेतल्याने मुलाची उमेद मोडते आणि आपल्यालाही कामाची कदर राहत नाही. तरुणांना सांगणे असे की, आज रात्री शब्दांच्या वहीचे पहिले पान लिहा आणि उद्या आपल्याच घरच्या संगणकाचा बॅकअप घेऊन तो परत चढवून पाहा. तो जसाच्या तसा परत आला तर पहिला धडा झाला. नाही आला तर कोठे अडले ते वहीत लिहून ठेवा आणि परवा पुन्हा करा.